त्रेचाळीसावा दिवस

वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात गोडोलीला राहते. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच. एका पतसंस्थेत कॅशियर आहे, म्हणजे दिवसभर खुर्चीत. थायरॉईडची गोळी सहा वर्षं चालू आहे. १ मार्चला मी ४२ दिवसांचा आहार-व्यायामाचा कोर्स सुरू केला. पहाटे साडेपाचला पाऊण तास व्यायाम, दिवसाला १,२०० कॅलरी, रात्री भाकरी-भात बंद, फक्त दुधीचं सूप आणि कोशिंबीर. पाडव्याला पुरणपोळीला हात लावला नाही म्हणून सासूबाई दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. ११ एप्रिलला कोर्स संपला तेव्हा वजन ७४.२ वरून ६९.६ वर आलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. मग सासरच्या गावची जत्रा आली. चार दिवस पाहुणे, पुरणपोळ्या, दुसऱ्या दिवशी मटण. २० तारखेला काट्यावर उभी राहिले तर ७१.३! नऊ दिवसांत पावणेदोन किलो. मी तिथंच रडले. पुढची बॅच १ मेपासून आहे, ती १,००० कॅलरींची, जास्त कडक. पैसे भरू का? की माझ्या शरीरातच काही बिघाड आहे? कोर्सच्या काळात रोज लिहिलेल्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो सोबत पाठवतेय."

ताई, पैसे भरू नका. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमची वही मी दोनदा वाचली. पहिल्यांदा आकडे बघितले आणि दुसऱ्यांदा तुम्ही कडेला बारीक अक्षरात, पेन्सिलीनं जे लिहिलंय ते. इतकी प्रामाणिक वही माझ्याकडे क्वचितच येते. लोक मला ताटाचा फोटो पाठवतात, पण रात्री साडेदहाला डब्यातून काढलेल्या चिवड्याचा पाठवत नाहीत. तुम्ही तो लिहून ठेवलात. म्हणून आजचं सगळं उत्तर मी तुमच्याच वहीतून देणार आहे.

आधी ते पावणेदोन किलो. तुमच्या वहीत दर सात दिवसांनी वजन आहे. पहिल्या आठवड्यात उतरलं २.१ किलो. पुढच्या पाच आठवड्यांत ०.६, ०.५, ०.५, ०.४ आणि ०.५, म्हणजे सगळं मिळून अडीच किलो. पहिल्याच आठवड्यात एवढं कसं उतरलं? आपण खाल्लेल्या भाकरी-भातातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं. हा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो, पण त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम निम्म्यावर आलं की शरीर आधी हा साठा काढतं आणि त्याच्यासोबतचं पाणीही बाहेर पडतं. तुमच्या पहिल्या आठवड्यातल्या २.१ किलोंमधलं बरंचसं हेच पाणी होतं. जत्रेत चार दिवस पोळ्या आणि भात झाला, रश्शातलं मीठ झालं, साठा पुन्हा भरला आणि पाणी परत आलं. पाळीच्या आधीचे दिवस असले तर आणखी किलोभर पाणी अंगात राहतं. काट्याला पाणी कुठलं नि चरबी कुठली ते कळत नाही.

हवं तर हिशोब करून बघू, तुम्ही तर कॅशियर आहात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १.७ किलो चरबी चढायला १३,००० कॅलरी जास्तीच्या पोटात जायला हव्यात. नऊ दिवसांत वाटल्या तर रोजच्या साडेचौदाशे. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी साधारण दोनशे कॅलरींची. म्हणजे रोज पोटभर जेवून झाल्यावर वर आणखी सात भाकऱ्या, त्याही सलग नऊ दिवस. तुम्ही तसं जेवलात का? जत्रेतसुद्धा नाही जेवलात. आणि तुमच्याच वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर कंबरेची मापं आहेत: १ मार्चला ९४ सेंटीमीटर, ११ एप्रिलला ८९, २० एप्रिलला साडेएकोणनव्वद. वजन पावणेदोन किलोंनी वाढलं आणि कंबर अर्धा सेंटीमीटर. जे कमावलंत ते जवळजवळ सगळं तुमच्याकडेच आहे. भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं धरतात, म्हणजे वाट अजून बाकी आहे. पण पाच सेंटीमीटर कमी झाले ही लहान गोष्ट नाही. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका ज्या चरबीमुळे वाढतो, ती पोटाभोवतीच असते.

आता त्या १,००० कॅलरींच्या बॅचबद्दल. तुमचं वय, उंची आणि वजन धरलं तर तुमचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, यकृत, मेंदू चालवायला साधारण १,३०० कॅलरी खर्च करतं. पहिली बॅचच त्याच्या खाली होती. दुसरी आणखी खाली. एवढं कमी खाल्लं की शरीर चरबीसोबत स्नायूही मोडतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलेला स्नायू परत आणणं फार कष्टाचं काम आहे. वेगानं वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. केसांचं तर मी स्वतः भोगलंय. तिशीत असताना, भावाच्या लग्नाआधी, मी एका केंद्रात २१ दिवसांचा पातळ पदार्थांचा कोर्स केला. पाच किलो उतरले, लग्नात सगळ्यांनी विचारलं. अडीच महिन्यांनी न्हाणीघराची जाळी केसांनी तुंबायला लागली. केंद्रात फोन केला तर म्हणाले, पाण्याचा दोष असेल. तो उपासमारीचा परिणाम होता. शरीराला जबर धक्का बसला की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोपर्यंत आपण कोर्स विसरलेलो असतो, म्हणून संबंध लागत नाही. तुमचेही केस जूनमध्ये थोडे जास्त गळले तर घाबरू नका, खाणं नीट असेल तर ते परत येतात. पण तेव्हा दुसऱ्या कडक बॅचच्या मध्यावर असलात तर काय होईल, त्याचा विचार करा.

आता मला तुमच्या वहीतलं जे पान सगळ्यात आवडलं, त्याकडे येते.

२८ मार्चपासून २ एप्रिलपर्यंत व्यायामाच्या रकान्यात सलग सहा फुल्या आहेत. पतसंस्थेत मार्चएंड, रात्री दहापर्यंत ताळेबंद जुळवणं, पहाटे उठणं शक्यच नव्हतं. १ एप्रिलला तुम्ही लिहिलंय, "सगळं पाण्यात गेलं." आणि ३ एप्रिलच्या पानावर फक्त पाच शब्द, "आज परत गेले. पाय जड."

अख्ख्या कोर्समधून तुम्ही काही शिकला असाल तर ते या पाच शब्दांत आहे. बेचाळीसपैकी पस्तीस दिवस व्यायाम झाला, सहा दिवस सलग बुडाला, आणि तरी तुम्ही परत गेलात. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात, त्यात तथ्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ साली ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असं गणित निघालं. त्यातलीच दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. कोर्सवाले मात्र एक दिवस चुकला की गटात नाव घेतात, दंड लावतात. त्यामुळे बाईच्या मनात पक्कं बसतं की एक दिवस मोडला म्हणजे सगळं मोडलं. जत्रेनंतर तुम्ही काट्यावर रडलात ते त्यामुळेच. तीन आठवड्यांपूर्वी सहा दिवस बुडवूनही तुम्ही उभ्या राहिल्या होतात, हे तुम्ही विसरलात.

त्या सहा दिवसांचं आणखी एक आहे, ते तुमच्या लक्षात आलं नसावं. मार्चएंडला तुम्हाला रात्रीचं सूप करता आलं नाही. सासूबाईंनी ऑफिसात डबा पाठवला. तुम्ही अपराधी वाटून डब्यातलं सगळं लिहून ठेवलंय: एक भाकरी, मटकीची उसळ, कांदा, वाटीभर दही. सहाही दिवस जवळजवळ हेच. आता बाकीच्या रात्री बघा. सुपाच्या छत्तीस रात्रींपैकी चौदा रात्री पेन्सिलीत "चिवडा, थोडा" किंवा "लाडू अर्धा" आहे. डब्याच्या सहा रात्रींत एकदाही नाही. रात्री दहाला दमून घरी येऊनसुद्धा नाही! आणि त्या आठवड्यात वजन किती उतरलं? ०.४ किलो. पाच दिवस व्यायाम न करता, भाकरी खाऊन, जवळजवळ इतर आठवड्यांएवढंच.

तुम्हाला वाटतं चिवडा म्हणजे मनाचा दुबळेपणा. अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती मुलं दिवसभर जेवणाबद्दलच बोलायची, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताट चाटायची. त्यांचं मन दुबळं नव्हतं, स्वतःहून तयार होऊन आलेली मुलं होती ती. अर्धपोटी माणसाचं डोकं अन्नाभोवतीच फिरतं, शरीरानं जगायला केलेली ती सोय आहे. दुधीच्या सुपानं पोट फुगतं, पण भरत नाही. मटकीतली प्रथिनं आणि भाकरीतला कोंडा यांनी ते भरतं आणि चार तास भरलेलं राहतं. रात्री भाकरी खाल्ली की वजन वाढतं, हा समज तुमच्या वहीनंच खोटा ठरवलाय.

प्रथिनांचं बोलतेच आहे तर कोर्समधली ती प्रथिनांची पावडर. दोन हजारांचा डबा दरमहा घ्यायची तुम्हाला गरज नाही. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५८ ग्रॅम प्रथिनं लागतात, किलोमागे ०.८३ ग्रॅम, हा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा हिशोब. वजन उतरवताना थोडी जास्त असली तर चांगलंच. दिवसभरात तीन भाकऱ्यांतून अठरा, वाटीभर मटकीतून सात-आठ, वाटीभर घेवड्याच्या आमटीतून तेवढीच, दोन अंड्यांतून बारा, दह्यातून पाच, मूठभर शेंगदाण्यांतून सात. झाले अठ्ठावन्न. आणि घेवडा म्हणजे आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तुमच्या सासरीच पिकत असणार. ओट्स आवडत असतील तर खा, पण आवडत नसतील तर ते खाऊन काही पुण्य लागत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. तुम्ही विचारलंत, शरीरात बिघाड आहे का. वजनामुळे मला तशी शंका येत नाही, पण वहीतली एक नोंद खटकली. कोर्सच्या आधी तुम्ही थायरॉईडची गोळी सहाला घेऊन सातला चहा प्यायचात. कोर्समध्ये मात्र ५.०० ला गोळी आणि ५.१० ला दूध-सोयाचा शेक, सहा आठवडे रोज. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबरच घ्यायची असते आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नसतं. दूध, सोया, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांनी तिचं शोषण कमी होतं. म्हणजे सहा आठवडे तुम्ही गोळी गिळलीत, पण ती पूर्ण पोचली असेलच असं नाही. जुनी वेळ आजपासून परत सुरू करा. डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कधी करायची ते विचारा. वेळ सुधारल्यावर साधारण सहा आठवड्यांनी तपासणी अर्थपूर्ण ठरते. गोळीचा डोस मात्र आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. कोर्स घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी "कोणती औषधं चालू आहेत?" हा प्रश्न विचारायला हवा होता. तुमच्या फॉर्मचा फोटो मी पाहिला, त्यात तो रकानाच नाही. मला याचा खरंच राग आला.

आमच्या घरात एक पैलवान होते. माझे थोरले चुलते, कराड तालुक्यातल्या गावच्या तालमीतले. तालमीत दोन शब्द सतत ऐकू येतात, मेहनत आणि खुराक. पहाटे जोर-बैठका, मग लढत, आणि त्यावर दूध, तूप, बदाम. चुलत्यांनी तिशीत कुस्ती सोडली, शेती बघायला लागले. मेहनत सुटली, खुराक मात्र तसाच राहिला, कारण आजीच्या हाताला तेवढंच वाढायची सवय होती आणि नको म्हणणं त्यांच्या जिभेवर नव्हतं. चाळिशीत त्यांचं पोट पुढे आलं, पन्नाशीत साखर निघाली. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात असा एखादा माजी पैलवान तुम्हाला दिसेल. त्यांची तालीम खोटी नव्हती. तालीम संपल्यावर रोजचं आयुष्य कसं असेल, हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नाही. तुमच्या कोर्सनंही नेमकं तेच केलं. बेचाळीस दिवसांचं वेळापत्रक दिलं आणि त्रेचाळीसाव्या दिवशी पुढच्या बॅचची लिंक.

त्याच कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोंच्या गटात लढले आणि सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत ते ५७ किलोंच्या गटात उतरले आणि ब्राँझ आणलं. वजनाचा गट वाढला आणि पदक मिळालं. वजन किती, याच्याइतकंच ते कशाचं आहे हेही बघावं लागतं. तुम्ही महिनाभर चालून, बैठका काढून मांड्यांत अर्धा किलो स्नायू कमावलात, तर काटा तो वाढ म्हणून दाखवेल आणि तुम्ही उगाच खचाल. म्हणून काट्यावर रोज उभं राहणं बंद. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी, आणि महिन्यातून एकदा कंबर.

तर आता काय करायचं?

कोर्समधल्या सगळ्या गोष्टी चालू ठेवायचा प्रयत्न करू नका. बायका हीच चूक करतात. साडेपाचचा व्यायाम, सूप, पावडर, जिऱ्याचं पाणी, दहा हजार पावलं, साखर बंद, सगळं एकदम ओढायला जातात आणि पंधरा दिवसांत सगळंच टाकून देतात. जिऱ्याचं पाणी आवडत असेल तर प्या, त्यानं चरबी वितळत नाही. पावडर गेली तरी चालेल. उड्या मारायचे व्यायाम तर सोडाच. चौथ्या आठवड्यापासून तुम्ही चार ठिकाणी "उजवा गुडघा" लिहिलंय, आणि ते दुखणं अंगावर काढायचं नसतं. मला फक्त दोन गोष्टी टिकायला हव्या आहेत.

पहिली, मार्चएंडचा डबा. रात्री साडेसात-आठपर्यंत एक भाकरी, एक वाटी उसळ किंवा घट्ट आमटी, भरपूर भाजी, दही किंवा ताक. घरात सगळ्यांसाठी तेच, वेगळा स्वयंपाक नाही. कॅलरी मोजू नका. असं जेवलात तर दिवसाचं साधारण पंधरा-सोळाशेच्या आसपास राहील आणि आठवड्याला पाव किलोच्या आसपास उतरत राहील. हळू वाटेल. पण पाव किलोनं वर्षात किती होतात ते तुम्ही मोजाच, तुम्हाला आकड्यांची भीती नाही.

दुसरी, चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा तास धरला की झालं. तुम्ही साताऱ्यात राहता हे केवढं भाग्य आहे! टेकडीवरच्या चार भिंती स्मारकाच्या वाटेनं चढलात की पोटऱ्यांना आणि फुप्फुसांना, दोन्हींना काम मिळतं. पुढे गुडघा बरा झाला, दम वाढला की रविवारी अजिंक्यतारा किल्ला. उतरताना घाई करू नका, गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. स्नायूंसाठी दोन दिवस घरीच खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, आणि भिंतीला हात लावून जोर. ही पैलवानांचीच मेहनत आहे, फक्त आपल्या वयाला बेतलेली. जूनमध्ये पाऊस लागला की वाट निसरडी होते, चालणं बंद पडतं आणि ऑक्टोबरपर्यंत कुणालाच आठवत नाही. ते दरवर्षी होतं, म्हणून आत्ताच ठरवून ठेवा: पावसाळ्यात पतसंस्थेच्या इमारतीचा जिना, दुपारी जेवणाआधी, चार मजले तीन वेळा.

एक गोष्ट मात्र कोर्सनं खरोखर चांगली दिली होती, ती म्हणजे सोबत. तुम्ही लिहिलंय, पहाटे पावणेपाचला गटात पंचवीस जणींचे "गुड मॉर्निंग" यायचे, आणि त्यामुळे उठलं जायचं. १२ एप्रिलला गट शांत झाला. वजन वाढल्याच्या दुःखाइतकंच हे एकटं पडणंही तुम्हाला लागलंय, असं मला पत्र वाचताना जाणवलं. पंचवीस जणी नकोत, एक पुरे. त्याच बॅचमधली तुमच्या गल्लीच्या मागे राहणारी एक बाई आहे, तिचा उल्लेख तुम्ही तीन वेळा केलाय. तिलाही नक्कीच काट्यानं रडवलं असेल. तिला फोन करा. बॅचचे जे पैसे वाचतील त्यातून दोघी चालायचे चांगले बूट घ्या, पोवई नाक्यावर जाऊन, पायात घालून बघून. दुखणाऱ्या गुडघ्याला त्या पावडरीपेक्षा बुटांचा उपयोग जास्त.

आता मे महिना येतोय, आमरस होणारच. खा. जेवणाबरोबर एक वाटी, त्या दिवशी भात नाही. कुणी घरी कंदी पेढे आणले तर एक घ्या आणि डबा दुसऱ्या घरी पाठवून द्या. पुढच्या पाडव्याला पुरणपोळी खायची, तूप घालून, सासूबाईंच्या शेजारी बसून. सणाला एक दिवस जेवल्यानं कुणाचं वजन वाढत नाही, वाढतं ते अकरा महिने रात्री उभ्यानं खाल्लेल्या चिवड्यानं.

सासूबाईंवरून आठवलं. कोर्सच्या काळात त्या तुमच्यावर रागावल्या होत्या, "अंगात काही उरलं नाही" म्हणत होत्या, आणि तरीही सहा दिवस न चुकता ऑफिसात डबा पाठवत होत्या. बेचाळीस दिवसांत तुमची भूक खरी भागवली ती त्या डब्यानं. त्यांना ते माहीत नाही. तुम्हालाही आत्ता कळलं. १ एप्रिलचं पान त्यांना वाचून दाखवा, डब्यात काय काय होतं ते. आणि विचारा, हुलग्याचं माडगं येतं का करायला. पावसाळ्यात जिना चढून आल्यावर रात्री ते प्यायला बरं पडेल.